कॅप्टनच्या पोटाची चौकशी

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी नगरला सावेडीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढला, तेव्हा आता हलकं काम करायचं अशी माझी समजूत होती. तीस वर्षं गुराढोरांत गेली होती. राजूरला डोंगरातल्या शेळ्या, काष्टीला बाजारात आलेली जनावरं. अडलेल्या गायींची वासरं मी खांद्यापर्यंत हात घालून ओढलेली. कुत्र्याचं बिघडलेलं पोट हे माझ्या लेखी बसल्या जागेवरचं काम होतं.

पहिल्या दोन महिन्यांतच ती समजूत गळून पडली. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. घरात पाळलेल्या कुत्र्याच्या पोटाला घरात माणसं असतील तितके असतात, आणि प्रत्येक कप्प्याची माहिती फक्त त्या त्या माणसाला असते.

हल्ली माझा दिवस फोटोंनी सुरू होतो. सकाळी मोबाईल उघडला की सात-आठ घरांतल्या कुत्र्यांच्या शीचे फोटो येऊन पडलेले असतात. काही लोक शेजारी काडेपेटी ठेवतात, म्हणजे आकार कळावा. एका बाईंनी तर ‘आजची’ आणि ‘कालची’ अशी तुलना करून पाठवली होती. आमच्या यजमानांनी चहाच्या वेळी माझ्या मोबाईलकडे बघणं सोडून दिलं आहे.

‘नाजूक पोट’ हा शब्दही हल्लीचाच. पूर्वी रक्तदाब हा साहेबलोकांचा आजार मानला जायचा, तसं आता नाजूक पोट हे चांगल्या घरातल्या कुत्र्याचं लक्षण झालं आहे. “आमच्याला काहीच सोसत नाही हो,” हे वाक्य लोक तक्रारीच्या सुरात सुरू करतात आणि कौतुकाच्या सुरात संपवतात. मग विचारतात की रस्त्यावरची कुत्री काहीही खातात, त्यांना कसं काही होत नाही? होतं. ती मरतात. त्यांचे फोटो मला कुणी पाठवत नाही, एवढंच.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून धंद्यातली एक-दोन गुपितं सांगते. कुत्र्याचं पोट बिघडलं की मालक पहिलं काम करतो ते खाद्याची पिशवी बदलण्याचं. आठवड्याने दुसरी, मग तिसरी. खरं तर नवं खाद्य जुन्यात थोडं थोडं मिसळत सात-आठ दिवसांनी पूर्ण आणायचं असतं. एकदम बदललं तर धडधाकट कुत्र्याचंही पोट बिघडतं. म्हणजे पोट बिघडलं म्हणून पिशवी बदलली आणि पिशवी बदलली म्हणून पोट बिघडलं, असं चक्र चालू राहतं आणि दुकानदार सुखी होतो.

दुसरी गोष्ट खाऊची. आता त्याला ट्रीट म्हणतात. दिवसभराच्या खाण्याचा फार तर दहावा हिस्सा खाऊ असावा, आणि तितकं खाणं ताटातून कमी करावं. हे मी सांगते तेव्हा सगळे मान डोलावतात, कारण आपण कुत्र्याला खाऊ देत नाही याची प्रत्येकाला खात्री असते. बिस्किट म्हणजे खाऊ नव्हे. पोळीचा कडेचा तुकडा म्हणजे खाऊ नव्हे. श्रीखंडाचं भांडं चाटायला देणं हे तर भांडं घासण्यात मोडतं.

म्हणून मी “काय खातो?” असं विचारणं बंद केलं. त्याचं उत्तर पिशवीवर छापलेलं असतं. मी विचारते, “काय काय मिळतं?”

एक निवृत्त हेडक्लार्क त्यांचा मोती घेऊन यायचे. दर महिन्याला एकदाच जुलाब, दोन दिवसांत बरा. जंताचं औषध झालं, शी तपासून झाली, काही सापडेना. तिसऱ्या खेपेला माझं लक्ष भिंतीवरच्या कालदर्शिकेकडे गेलं आणि मी विचारलं की तुमच्याकडे संकष्टी करतात का. ते अभिमानाने म्हणाले की मोतीसुद्धा करतो. दिवसभर काही नाही आणि चंद्र उगवला की तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस. मी खूप समजावलं. त्यांना वाटलं, मी नास्तिक आहे. शेवटी मी म्हणाले, मोतीचं वय बघता तो आता ज्येष्ठ नागरिक झाला, आणि शास्त्रात ज्येष्ठांना उपासाची सूट आहे. हे त्यांना ताबडतोब पटलं. मोतीचे जुलाब थांबले. अशा एकेका विजयानंतर मला वाटायला लागलं होतं की आपल्यापासून कुणी काही लपवू शकत नाही. त्याच दिवसांत कॅप्टन आला.

कॅप्टन म्हणजे चार वर्षांचा पिवळसर लॅब्रेडोर. त्याला आणणारे विलासराव. नागापूरच्या एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माणूस उमदा, आवाज मोठा, प्रत्येक गोष्टीवर उपाय म्हणजे एखादं यंत्र, असा स्वभाव. कुत्रा मुळात त्यांच्या मुलीचा. ती नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिथून मोबाईलवर कॅप्टनसाठी खाद्य मागवत राहिली. घरात विलासराव, त्यांच्या पत्नी सुनंदा आणि विलासरावांच्या आई. त्यांना सगळे आक्का म्हणत. नवरा गेल्यावर काष्टीचं घर बंद करून त्या वर्षभरापूर्वी लेकाकडे राहायला आल्या होत्या.

कॅप्टनला तीन महिने पातळ होत होतं. वजन उतरलं होतं, अंगावरची चमक गेली होती. सुनंदाबाईंनी पिशवीभर कागद आणले होते आणि पाच प्रकारच्या खाद्यांच्या रिकाम्या पिशव्यांचे फोटो. मी तपासण्या केल्या, जंत नव्हते. मग नेहमीचा मार्ग धरला. एकाच प्रकारच्या मांसाचं, कमी चरबीचं खाद्य, मोजून, दिवसातून तीनदा. सहा आठवडे दुसरं काही नाही. बिस्किट नाही, दूध नाही, पोळी नाही. खाऊ म्हणून त्याच खाद्याचे दाणे किंवा उकडलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी. आणि रोजची नोंद वहीत.

विलासराव म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे त्याला कोणी काही देतच नाही. फक्त आईवर लक्ष ठेवावं लागेल. जुनं माणूस आहे.”

सुनंदाबाईंनी वही मन लावून लिहिली. सुधारणा मात्र दोन पावलं पुढे, दीड पाऊल मागे अशी. आणि तीन आठवड्यांनी कॅप्टनचा वाढदिवस आला.

त्यांच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, तो मी येता-जाता पाहिला. मधोमध कॅप्टन, गळ्यात भगवा रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. खाली शुभेच्छुक म्हणून वर्कशॉपच्या सोळा कामगारांचे फोटो, कुत्र्यापेक्षा बरेच लहान. मी गाडीत बसून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी विलासराव कॅप्टनला दोन्ही हातांवर उचलून दवाखान्यात आले तेव्हा हसू मावळलं. रात्रीपासून ओकून ओकून तो गळून गेला होता. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलून धरत होता. पोटात असह्य दुखतं तेव्हा कुत्री असं करतात. स्वादुपिंडाला सूज आली होती. चरबीचं खाणं एकदम पोटात गेलं की हे होतं आणि यातून सगळे वाचत नाहीत.

काय खाल्लं, असं विचारल्यावर विलासरावांनी आधी सांगितलं की केकचा छोटा तुकडा. सलाईन लावेपर्यंत त्यात मटण आलं. सुई टोचताना रस्सा आला. कॅप्टन विव्हळला तेव्हा तेही कबूल झालं की सोळा कामगारांनी प्रत्येकी एकेक घास भरवला, फोटोसाठी.

चार दिवस तो माझ्याकडे सलाईनवर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो डोळेसुद्धा उघडेना. मी विलासरावांना बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की मुलीला फोन करून ठेवा. एवढा आडदांड माणूस बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. आक्का एकदाच आल्या. नऊवारीचा पदर आवळून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. कॅप्टनने त्यांच्या पदराच्या वासाला शेपटी दोनदा हलवली. चार दिवसांत त्याने केलेली ती पहिली हालचाल होती. मी ती केसपेपरवर नोंदवली, ‘प्रतिसाद देतो’ अशी. कुणाला देतो, ते लिहिलं नाही.

तो वाचला. घरी गेला. सगळे इतके घाबरले होते की आता शिस्त पाळतील याची मला खात्री होती. तरी पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पातळ. मग विलासरावांमधला इंजिनियर जागा झाला. त्यांनी स्वयंपाकघरात आणि बैठकीत कॅमेरे बसवले. तिसऱ्या दिवशी ते विजयी मुद्रेने दवाखान्यात आले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

“सापडला चोर,” ते म्हणाले.

चित्रात दुपारची वेळ. आक्का स्वयंपाकघरात जमिनीवर ताट घेऊन बसलेल्या. समोर कॅप्टन. आक्का भाकरीचा तुकडा मोडून त्याला देतात, मग एक स्वतः खातात, मग पुन्हा त्याला. विलासराव बोटाने मोजत होते. त्यांच्याबरोबर आलेल्या सुनंदाबाई खाली मान घालून उभ्या होत्या.

मी त्या वेळी जे बोलले ते माझ्या अक्षरात त्या केसपेपरवर अजून आहे : ‘आजींना जेवणाच्या वेळी कुत्र्यापासून दूर ठेवणे.’ वर मी भाषणही दिलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसांची माया जनावराच्या जिवावर उठते. विलासरावांना ते वाक्य फार आवडलं. घरी जाऊन त्यांनी ते आईला ऐकवलं, हे मला नंतर कळलं.

आक्कांचं ताट वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत जाऊ लागलं. जिन्याला जाळीचं दार बसलं, अर्थात वर्कशॉपमध्ये बनवलेलं. आणि आठ दिवसांत कॅप्टनला छान बांधून शी होऊ लागली. फोटो आला, शेजारी काडेपेटी. तीन आठवड्यांत वजन वाढलं. विलासराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. तो मी घेतला. माझ्याकडे येणाऱ्या चार-पाच जणांना तर मी ही केस उदाहरण म्हणून सांगितलीसुद्धा, जाळीच्या दारासकट.

महिन्याभराने सुनंदाबाई कॅप्टनला लस टोचायला एकट्याच आल्या. मी सहज विचारलं की घरचे कसे आहेत. त्या म्हणाल्या की आईंचं काही खरं नाही. जेवण जात नाही. ताट जसंच्या तसं खाली येतं. मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या, दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, आजार काही निघाला नाही. वय झालं म्हणाले.

मी विचारलं, केव्हापासून? त्यांनी जरा आठवून सांगितलं. तारीख माझ्यापुढच्याच केसपेपरवर होती.

तो व्हिडिओ त्यांच्याही मोबाईलमध्ये होता. मी तो पुन्हा मागितला. पहिल्या वेळी मी फक्त कुत्रा पाहिला होता; त्याच्या तोंडात काय जातंय, किती जातंय. या वेळी बाई पाहिली. आक्का त्याला तुकडा देत होत्या तो नखाएवढा. त्याने तो खाल्ला की मगच त्यांचा हात स्वतःच्या तोंडाकडे जात होता. कॅप्टन क्षणभर दाराकडे वळला तेव्हा आक्कांचा घास हातातच थांबला. तो परत वळेपर्यंत थांबला. घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. विलासराव नागापूरला, सुनंदाबाई दुपारच्या क्लासला, आणि काष्टीच्या भरल्या घरात पन्नास वर्षं पंगती वाढलेली ही बाई कुत्र्यासमोर बसून जेवत होती.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. बोलावलेलं नसताना गेले. आक्का पलंगावर होत्या, मनगटं काडीसारखी झालेली. मी खुर्ची ओढून बसले आणि मला हवं ते विचारलं. विलासराव आणि सुनंदाबाई दारात उभे होते.

आक्का म्हणाल्या, “येकटीला घास जात न्हाई, बाई. म्या काय त्याला भूक लागली म्हनून देत न्हवते. त्यो समोर बसला की जेवल्यासारकं वाटायचं.”

मी म्हणाले की त्याला बाधतं हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का. त्या मग म्हणाल्या, “ज्वारी त्याला बाधत न्हाई. दूध बाधतं. सकाळी इलास त्याला बशीत च्या पाजायचा, साय टाकून. त्याच्या दुसऱ्या घटकंला पातळ हुयाचं. म्या रोज बघत हुते.”

मी विलासरावांकडे वळले. ते म्हणाले, “चहा म्हणजे काय खाणं असतं का, मॅडम? दोन घोट.” मग आपणहून पुढचं सांगितलं. कॅमेरे बसवले त्या दिवसापासून त्यांनी तो बंद केला होता. चित्रात आपण दिसू, मुलगी बंगळुरूहून मोबाईलवर बघते, म्हणून.

मी मनात तारखा जुळवल्या. चहा बंद झाला सोमवारी. आक्का पकडल्या गेल्या बुधवारी. गुरुवारी त्यांचं ताट वर गेलं. पुढच्या आठवड्यात कुत्रा बरा झाला आणि श्रेय मी घेतलं.

“आक्का, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“कुनी इचारलं?” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

मला राजूर आठवलं आणि लाज वाटली. तिथे नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी शिकले होते की शेळी आजारी पडली तर ओट्यावर बसलेल्या कारभाऱ्याला विचारू नये, दिवसभर शेळीमागे असणाऱ्या म्हातारीला विचारावं. कोणतं झाड ओरबाडलं, कुठल्या डबक्याचं पाणी प्यायली, सगळं तिला ठाऊक असतं. तीस वर्षं हा नियम पाळला. सावेडीत सोफे आले, मोबाईलवरची चित्रं आली, आणि मी कारभाऱ्याला विचारून मोकळी झाले.

त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवून दिल्या. एक, आक्कांचं ताट पुन्हा खाली, जमिनीवर, कॅप्टनसमोर. त्याच्या दुपारच्या मापातले दाणे एका वाटीत काढून आक्कांजवळ ठेवायचे आणि घासाला दोन दाणे असं द्यायचं. दोन, त्यांच्यावरचा भाकरीचा आरोप तपासून बघायचा. दोन आठवडे रोज एक नखाएवढा तुकडा भाकरी, दूध नाही, चहा नाही, साय नाही. वही आक्का सांगतील तशी सुनंदाबाईंनी लिहायची. विलासरावांनी वहीला हात लावायचा नाही.

भाकरी कॅप्टनला सोसली. एकदाही पातळ झालं नाही. आक्कांना सुरुवातीला अर्धी भाकरी जायला तास लागायचा. कॅप्टनही न उठता तासभर बसायचा. माझ्या चाळीसभर औषधांत असं एकही नाही. विलासरावांना इतका पश्चात्ताप झाला होता की तेही आठवडाभर दुपारी नागापूरहून जेवायला घरी आले. पण ते जेवताना मोबाईलवर बोलत, आणि आक्कांनीच त्यांना सांगितलं की तू आपला वर्कशॉपातच जेव. सुनंदाबाईंनी मात्र क्लासची वेळ बदलून घेतली. त्या आता सासूबरोबर जमिनीवर बसतात. गुडघे दुखतात म्हणाल्या, पण बसतात.

दीड महिन्याने मी पुन्हा गेले. कॅप्टनला तपासायला नव्हे. तो ठणठणीत होता. आक्का चुलीच्या सवयीने गॅसपुढे बसकण मारून भाकऱ्या थापत होत्या, कारण सूनबाईंनी शेगडी खाली उतरवून दिली होती. अंगावर थोडं मांस आलं होतं. मी त्यांना म्हणाले की माझं चुकलं, मी न विचारता तुमच्यावर आळ घेतला. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. तिथे चूक झाली की कागद पुढच्या टेबलावर सरकवायची सोय होती.

आक्कांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि माझ्याकडे बघून समजुतीने म्हणाल्या, “असूं द्या. तुमी ढोरांच्या डाक्टरीन. मानसाचं तुमाला कुठनं कळावं?”

मग एक ताट घेतलं, भाकरी मोडून त्यात ठेवली, शेजारी पिठलं वाढलं आणि ते माझ्यापुढे सरकवलं. मी दवाखाना उघडायचाय म्हणाले. त्यांनी ते ऐकलंच नाही. पहिला घास मी तोंडात घालेपर्यंत त्या समोर बसून माझ्याकडे बघत राहिल्या.